वापरलेली ऑल-व्हील-ड्राइव्ह एसयूव्ही घेताय? गाडीचा मागचा अर्धा भाग आधी तपासा

प्रश्न असा आहे: सात-आठ वर्षं जुनी, लाखाच्या वर किलोमीटर झालेली एक ऑल-व्हील-ड्राइव्ह एसयूव्ही पसंत पडली आहे. इंजिन शांत आहे, रंग चांगला आहे, विकणारा म्हणतोय की चारही चाकांचा ड्राइव्ह व्यवस्थित चालतो. पैसे देण्याआधी काय काय पाहायचं?

माझं काम गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या आणि मागच्या ॲक्सलला वाटून देणारा भाग) आणि डिफरेन्शियल (वळणावर चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) यांचं, त्यामुळे उत्तरही त्याच बाजूने देतो. इंजिन, एसी, सस्पेन्शन, बॉडी हे कुठलाही चांगला मेकॅनिक तपासून देईल. पण या गाडीत साध्या गाडीपेक्षा जे जास्तीचं आहे ते सगळं पोटाखाली आहे, आणि त्याच्याकडे बहुतेक जण वाकूनही बघत नाहीत. शिवाय मुळात पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत मागच्या चाकांचा ड्राइव्ह पूर्ण बंद पडला तरी कोरड्या रस्त्यावर ती नेहमीसारखीच चालते. पुढची चाकं तिला ओढत असतात, मागची नुसती फिरत असतात. त्यामुळे विकणारा खोटं बोलत असेल असंही नाही. त्याला स्वतःलाच ते ठाऊक नसण्याची शक्यता मोठी आहे.

आधी गाडीत कुठली पद्धत आहे ते नक्की करा, कारण तपासणी त्यावर ठरते. ढोबळमानाने चार प्रकार आहेत. पहिला पार्ट-टाइम फोर-बाय-फोर: ट्रान्सफर केस, 2एच (दोन चाकं), 4एच (चारही चाकं), 4एल (चारही चाकं, हळू पण जास्त जोर) असा लिव्हर किंवा नॉब, आणि मधलं डिफरेन्शियल नाही. सुझुकी जिम्नी किंवा महिंद्रा थार या जातीच्या. दुसरा कायमचा ड्राइव्ह, ज्यात पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमध्ये सेंटर डिफरेन्शियल असतं. टोयोटाची प्राडो त्यातली. तिसरा आज सगळ्यात जास्त दिसणारा: गाडी मुळात पुढच्या चाकांवर चालते आणि गरज पडली की मागच्या डिफरेन्शियलच्या तोंडाशी असलेलं क्लच-प्लेटचं कपलिंग मागे ताकद पाठवतं. फोक्सवॅगन, स्कोडा, व्होल्व्हो यांच्या आडव्या इंजिनाच्या बऱ्याच एसयूव्हींमध्ये हॅल्डेक्स नावाचं असंच कपलिंग असतं. चौथा हायब्रिडमधला, जिथे मागच्या चाकांना स्वतंत्र इलेक्ट्रिक मोटर असते आणि मधून शाफ्टच जात नाही.

एकाच नावाची गाडी दोन चाकांच्या आणि चार चाकांच्या अशा दोन्ही ड्राइव्हमध्ये मिळते, हेही लक्षात ठेवा. मागच्या दारावरचा बॅज हा पुरावा नाही. चासी नंबरवरून व्हेरिएंट काढून घ्या आणि खाली वाकून बघा: मागे डिफरेन्शियल आहे का, आणि (चौथा प्रकार सोडून) त्याच्यापर्यंत प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे पुढून मागे ताकद नेणारा लांब दांडा, येतोय का? हा दुसरा प्रश्न अतिशय महत्त्वाचा. मागून घरघर यायला लागली की काही लोक दुरुस्ती टाळण्यासाठी शाफ्टच काढून ठेवतात. आवाज बंद होतो, गाडी पुढच्या चाकांवर चालत राहते आणि तशीच विकली जाते. शाफ्ट जिथे जोडतात त्या चकतीवर (फ्लँजवर) रिकामी बोल्टची भोकं दिसली किंवा कपलिंगचा वायरचा कनेक्टर सुटा लोंबकळताना दिसला, तर तपासणी तिथेच थांबवली तरी चालेल.

आता टायर. माझ्या मते सगळ्या तपासणीतली सर्वांत मोलाची पाच मिनिटं इथे जातात. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे, एकाच मापाचे आणि जवळपास सारखे झिजलेले हवेत. साध्या गाडीत दोन नवे, दोन जुने टायर चालून जातात. इथे नाही, आणि त्याचं कारण साध्या गणितात आहे. समजा टायरचा व्यास 71 सेंटिमीटर आहे. पुढच्या टायरची नक्षी मागच्यापेक्षा 4 मिलिमीटरने जास्त झिजली असेल, तर व्यासात 8 मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणजे दर किलोमीटरला पुढचं चाक मागच्यापेक्षा साधारण 5 फेरे जास्त मारतं. शंभर किलोमीटरच्या प्रवासात पाचशे फेरे. हा फरक कुठेतरी जिरवावा लागतो, आणि तो कपलिंगच्या क्लच-प्लेटमध्ये किंवा सेंटर डिफरेन्शियलमध्ये जिरतो. गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं पुढची चाकं घसरतायत, तो कपलिंग आवळतो, प्लेटा सरळ रस्त्यावर तासन् तास घासत राहतात आणि तेल भाजून निघतं. म्हणूनच सुबारूसारखी कंपनी चारही टायरच्या घेरातला फरक पाव इंचाच्या, म्हणजे 6 मिलिमीटरच्या आसपास ठेवायला सांगते. नक्षीच्या खोलीत हा फरक जेमतेम 1 मिलिमीटर होतो. इतर कंपन्या थोडी जास्त सूट देतात, पण 2 मिलिमीटरच्या पुढे फरक गेला की मी तरी सावध होतो.

तेव्हा खोली मोजण्याची पट्टी बरोबर न्या आणि प्रत्येक टायर आत, मध्ये, बाहेर असा तीन ठिकाणी मोजा. टायरच्या बाजूवर डॉट अक्षरांच्या ओळीत शेवटचे चार आकडे असतात: 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. दोन टायर 2019चे आणि दोन 2022चे निघाले, तर नंतरचे दोन बसवल्यापासून गाडी कशी चालली याचा अंदाज तिथेच येतो. चारही टायर कोरे करकरीत असतील तर खूश होण्याआधी थोडं थांबा. आधीचे कुठले होते, चारही एकदम का बदलले, याचं बिल मागा. विक्रीच्या तोंडावर बसवलेले चार नवे टायर जुना बेमेळ झाकू शकतात. त्या बेमेळाने प्लेटांचं जे नुकसान झालं असेल ते मात्र तसंच राहतं.

विसंगत टायर दिसले म्हणून गाडी लगेच सोडून द्या असं मी म्हणणार नाही. पण मग पुढच्या चाचण्या दुप्पट लक्ष देऊन करा.

चाचणीला जाताना इंजिन थंड असेल अशी वेळ ठरवा आणि विकणाऱ्याला आधी गाडी सुरू करू नका असं सांगा. पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून पाहा. इग्निशन चालू केल्यावर एबीएस, ट्रॅक्शन कंट्रोल आणि फोर-व्हील-ड्राइव्हचे दिवे आधी पेटले पाहिजेत, मग काही सेकंदांत विझले पाहिजेत. जो दिवा पेटतच नाही तो न विझणाऱ्या दिव्यापेक्षा जास्त काळजीचा, कारण तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो.

मग मोकळी, कोरडी, पक्की जागा शोधा. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, ब्रेक सोडा आणि ॲक्सिलरेटर न देता गाडीला हळूहळू गोल फिरू द्या. दोन-तीन फेऱ्या डावीकडे, दोन-तीन उजवीकडे. चांगली गाडी लोण्यासारखी फिरते. कपलिंग किंवा सेंटर डिफरेन्शियल जाम झालेलं असेल तर गाडी कोणी मागून धरून ठेवल्यासारखी अडते, टायर चिरचिरतात, सीटखाली थरथर जाणवते, कधी मागचं चाक उडी मारल्यासारखं सरकतं. पुढून कटकट असा ठेक्यात आवाज आला तर ते बहुधा बाहेरच्या सीव्ही जॉइंटचं (चाकाजवळच्या, वळतानाही ताकद पोहोचवणाऱ्या सांध्याचं) दुखणं. ते वेगळं आणि तुलनेने सोपं.

हीच चाचणी अर्धा-पाऊण तास गाडी चालवून झाल्यावर पुन्हा करा. थंड असताना अगदी गुणी वागणारं कपलिंग तेल तापल्यावर चिकटायला लागतं, असं मी पुष्कळदा पाहिलं आहे. दहा मिनिटांची चक्कर मारून परत आलेल्या माणसाला हे कधीच कळत नाही. म्हणून विकणारा लांब चालवू देत नसेल तर मला त्या गाडीत रस उरत नाही.

इथे एक फरक ओळखता आला तर पैसेही वाचतात आणि चांगली गाडी हातची जात नाही. होंडा सीआर-व्हीच्या पहिल्या तीन पिढ्यांत मागच्या डिफरेन्शियलमध्ये दोन पंपांची हायड्रॉलिक रचना आहे. त्यातलं खास तेल जुनं झालं की पूर्ण वळणावर मागून कण्हल्यासारखा घोगरा आवाज येतो. बहुतेक वेळा नुसतं कंपनीने सांगितलेलं तेल बदललं, मग मोकळ्या जागेत थोडे आठाचे आकडे फिरवले, की तो जातो. घाबरून लोक अशी गाडी सोडून देतात. उलट बीएमडब्ल्यूच्या एक्सड्राइव्हमध्ये हलक्या ॲक्सिलरेटरवर सरळ रस्त्यात बारीक झटके येत असतील, तर संशय ट्रान्सफर केसमधल्या प्लेटांवर जातो. कधी तिथेही तेल बदलून आणि टायर जुळवून भागतं, पण ते गृहीत धरून किंमत ठरवू नका.

जाम होणं हा एक दोष. अजिबात न जुळणं हा दुसरा, आणि तो जास्त लपलेला. ऑन-डिमांड, म्हणजे वर सांगितलेल्या तिसऱ्या प्रकारच्या, गाड्यांत हाच जास्त सापडतो. हॅल्डेक्समध्ये एक छोटा इलेक्ट्रिक पंप तेलाचा दाब तयार करतो आणि त्या दाबाने प्लेटा आवळल्या जातात. प्लेटांची बारीक भुकटी तेलात मिसळते आणि पंपाच्या तोंडाशी साचते. पाचव्या पिढीच्या हॅल्डेक्समध्ये बदलता येणारा वेगळा फिल्टर ठेवलेलाच नाही, पंपावर बारीक जाळी आहे. तेल बदललं पण पंप काढून जाळी साफ केली नाही, तर पंप गुदमरत गुदमरत एक दिवस जळतो. त्या दिवशी मालकाला काहीही जाणवत नाही. जाणवतं ते कधीतरी चिखलात, तेव्हा.

हे तपासायला सैल खडी, ओलं गवत किंवा चिखलट जागा हवी. चाकं सरळ ठेवा, एका माणसाला बाजूला सुरक्षित अंतरावर उभं करा आणि उभ्या गाडीला एकदम जोरात पुढे काढा. धड असलेल्या गाडीत पुढची चाकं क्षणभर घसरतात आणि लगेच मागची चाकंही खडी उडवायला लागतात. पुढची चाकं जागच्या जागी माती उकरतायत आणि मागची नुसती ओढली जातायत असं दिसलं, तर मागचा ड्राइव्ह मेलेला आहे. गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावून कपलिंगला किती टक्के हुकूम जातोय हेही बघता येतं, पण एवढ्यावर विसंबू नका. स्कॅनरवर दिसतो तो कॉम्प्युटरचा हुकूम; प्लेटांनी तो पाळला का, हे मागची चाकंच सांगतात.

स्कॅनर मात्र लावाच. त्यात दोषाचे कोड नाहीत म्हणजे दोष नाहीत असं नसतं. शेवटचे कोड पुसल्यापासून किती किलोमीटर झाले आणि कॉम्प्युटरच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्या आहेत की नाहीत, हे बहुतेक गाड्यांत दिसतं. कालच कोड पुसलेले असतील आणि निम्म्या तपासण्या अपूर्ण असतील, तर आठवड्याने परत बघतो म्हणून सांगा. फक्त इंजिनचा नव्हे, एबीएस आणि ऑल-व्हील-ड्राइव्हचा मोड्यूलही वाचणारा स्कॅनर हवा. स्वस्तातले बहुतेक ॲडाप्टर तिथपर्यंत पोहोचत नाहीत.

आता गाडी लिफ्टवर घ्या. प्रोपेलर शाफ्ट दोन्ही हातांनी धरून पिळून पाहा. दातांमधली किंचित मोकळीक नैसर्गिक असते, पण क्रॉसमध्ये (शाफ्टच्या सांध्यातल्या चार टोकांच्या तुकड्यात) टकटक किंवा गंजाची लाल भुकटी दिसली तर तो संपलेला आहे. मधल्या आधाराच्या बेअरिंगचा रबर फाटलेला नसावा. रस्त्यावर असताना डी मधून आर मध्ये टाकताच मागून ठणका बसत असेल, किंवा ठराविक वेगाला फरशीतून गुणगुण थरथर येत असेल, तर त्याचं मूळ इथे सापडतं. सीव्ही बूट (सीव्ही जॉइंटवरचं रबरी आवरण) फाटून ग्रीस उडालेलं आहे का, पिनियनचं (शाफ्ट डिफरेन्शियलमध्ये शिरतो तिथल्या गिअरचं) सील ओलं आहे का, तेही बघून घ्या. गाडी उंच करणारी किट बसवलेली असेल तर शाफ्टचे आणि जॉइंटचे कोन बदललेले असतात आणि झीज लवकर होते. मी अशी गाडी साधारणपणे घेऊ नका असंच सांगतो.

तेलाबद्दल मी थोडा हट्टी आहे. या गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्स सोडून आणखी दोन-तीन ठिकाणी तेल असतं: मागचं डिफरेन्शियल, कपलिंग, आणि पुढे गिअरबॉक्सला चिकटलेलं पॉवर ट्रान्सफर युनिट किंवा वेगळी ट्रान्सफर केस. त्यातलं पॉवर ट्रान्सफर युनिट सर्वांत दुर्लक्षित. अनेक गाड्यांत त्यात लिटरभरही तेल नसतं, शेजारून एक्झॉस्ट जातो, आणि कंपनीने ‘आयुष्यभराचं तेल’ म्हटलं म्हणून कोणी झाकण उघडत नाही. तेल भाजून डांबरासारखं घट्ट होतं आणि मग गिअर जातात. ‘सगळी सर्व्हिस कंपनीत झाली आहे’ हे वाक्य पुरेसं नाही. बिलावर डिफरेन्शियल ऑइल, कपलिंग ऑइल, ट्रान्सफर केस ऑइल असे शब्द शोधा. सापडले तर तो मालक खरोखर काळजी घेणारा होता असं मी मानतो आणि गाडीवर थोडा जास्त भाव द्यायला तयार होतो.

विकणारा परवानगी देत असेल तर भरण्याचा प्लग उघडून बोट बुडवून बघा. जळका वास वाईट. दुधाळ रंग म्हणजे आत पाणी गेलेलं. ज्या प्लगवर चुंबक असतं, त्यावर राखाडी मऊ लेप असणं ठीक आहे. बोटाला टोचणारे कण किंवा चकत्या असतील तर आत काहीतरी तुटलंय. मेकॅनिकला एक आठवण करा: आधी भरण्याचा प्लग सुटतो का ते बघ, मगच खालचा उघड. तेल सांडून गेल्यावर वरचा प्लग गंजून अडकलेला निघाला, तर गाडी तिथेच बसते.

पार्ट-टाइम फोर-बाय-फोरची तपासणी वेगळी. तिला 4एचमध्ये टाकून कोरड्या पक्क्या रस्त्यावर गोल फिरवू नका. मधलं डिफरेन्शियल नसल्यामुळे ती अडणारच, तो दोष नाही, उलट नुकसान होईल. मातीच्या जागेवर जा, 4एच लावा, मग थांबून न्यूट्रल करून 4एल लावा, पुढे-मागे घ्या, परत 2एचला या. दिवा लुकलुकत राहिला, किंवा परत येताना अडकलं, तर ॲक्च्युएटर (ड्राइव्ह जोडणारी-सोडणारी यंत्रणा) किंवा चाकांचे हब चिकटलेले असतात. हा आजार डोंगर तुडवलेल्या गाड्यांपेक्षा शहरात वर्षानुवर्षं 2एचवरच फिरलेल्या गाड्यांत जास्त दिसतो. म्हणून ‘मी कधी फोर-व्हील वापरलंच नाही’ ही जाहिरात मला भुलवत नाही. डिफ-लॉक (डिफरेन्शियल कुलूपबंद करणारी सोय) असेल तर तोही लावून सुटतोय का ते पाहा.

मागे इलेक्ट्रिक मोटर असलेल्या हायब्रिडमध्ये कपलिंगची चिंता नाही. तिथे नारिंगी हाय-व्होल्टेज केबल आणि तिचे कनेक्टर बघायचे, विशेषतः गाडी खारट हवेत किंवा मीठ टाकलेल्या बर्फाळ रस्त्यांवर राहिली असेल तर. नुसतं बघायचं, हात लावायचा नाही; उघडण्याचं काम त्या प्रकारचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसाचं.

अशी गाडी पाण्यातून आणि दगडांवरून नेलेली असण्याची शक्यता साध्या गाडीपेक्षा जास्त असते. पुढचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. तळाच्या पट्ट्यावर गाळाची रेघ राहून जाते. स्टेपनीच्या खड्ड्यात, सीटच्या रुळांच्या बोल्टवर, कार्पेटखाली बघा. डिफरेन्शियलचा हवा सोडणारा ब्रीदर बुजलेला असेल तर गरम डिफरेन्शियल पाण्यात उतरताच ते सीलमधून पाणी आत ओढतं. खालच्या संरक्षक पत्र्यावरचे ओरखडे मी मनावर घेत नाही, तो पत्रा त्यासाठीच असतो. पण वाकलेला कंट्रोल आर्म, चेपलेला सिल (दाराखालचा पत्र्याचा पट्टा) किंवा लॅडर फ्रेमवरचं (गाडीखालच्या शिडीसारख्या सांगाड्यावरचं) नवं वेल्डिंग दिसलं तर थांबा. खालून ताजा काळा रंग मारलेला असेल तर पेचकसाच्या मुठीने फ्रेम ठोकत जा. चांगल्या लोखंडाचा आवाज टणक असतो, कुजलेल्याचा बोदा.

एक प्रश्न विकणाऱ्याला जरूर विचारा: गाडी कधी टो करून नेली होती का, आणि कशी? दोन चाकं उचलून आणि दोन रस्त्यावर ठेवून ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी लांब ओढली तर कपलिंग किंवा ट्रान्सफर केस जळू शकते. मागे टो-हूक असेल तर ती काय ओढत होती तेही विचारा. गाडीत दिलेली स्टेपनी कमी मापाची असेल तर ती किती अंतर चालवली, हाही त्याच जातीचा प्रश्न.

हे सगळं पार पडून गाडी घेतलीत, तर पहिल्याच आठवड्यात डिफरेन्शियल, कपलिंग आणि ट्रान्सफर युनिट यांचं तेल त्या त्या भागासाठी लिहून दिलेल्या प्रकारानेच बदलून घ्या. हॅल्डेक्स असेल तर पंप काढून जाळी साफ करायला सांगा आणि बिलावर तसं लिहून घ्या. निघालेलं जुनं तेल स्वच्छ भांड्यात घेऊन उजेडात बघा. त्यात धातूची चकाकी दिसली तर काही हजार किलोमीटरनंतर पुन्हा एकदा बदलून तुलना करा. चकाकी कमी झाली असेल तर निश्चिंत चालवा. तेवढीच राहिली किंवा वाढली तर तो भाग आवाज करायला लागण्याआधीच उघडून घ्या, कारण त्या वेळी बहुधा बेअरिंगवर भागतं आणि उशीर झाला तर क्राऊन-पिनियनही (डिफरेन्शियलमधली मुख्य गिअरची जोडी) बदलावं लागतं.